मेगर उत्तम आला, मग चार्ज का करू नये?

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात 33/11 केव्ही, 10 एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. गेल्या आठवड्यात 11 केव्ही केबलचा जॉइंट अगदी जवळच फुटला आणि ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला. मेगर, रेशो, तेलातल्या वायूंची तपासणी, सगळं चांगलं आलं. गळीत चालू असल्यामुळे वरून 'चार्ज करा' (पुन्हा वीज देऊन चालू करा) असा तगादा आहे. टेस्टिंगवाले मात्र एसएफआरए (आतल्या वाइंडिंगचा आकार बदललाय का ते पाहणारी चाचणी) करा म्हणतात. खरंच गरज आहे का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : टेस्टिंगवाल्यांचं ऐका. पण त्यांची गाडी येण्याआधी एक काम तुम्ही स्वतःच करू शकता.

मेगर सांगतो की इन्सुलेशन शाबूत आहे. रेशो सांगतो की वेढे तितकेच आहेत. वायू दिसतात ते आत ठिणगी पडली किंवा काही तापलं तर. वाइंडिंग (तारेची गुंडाळी) नुसतं वाकलं असेल, तर या तिघांनाही पत्ता लागत नाही. तुमच्या नेमप्लेटवर इंपीडन्स (प्रवाहाला ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा अडथळा) 8.35 टक्के असेल (या आकाराला बहुधा तेवढाच असतो), तर टर्मिनलजवळच्या फॉल्टला पूर्ण लोडच्या सुमारे 12 पट प्रवाह जाऊ शकतो. जोर प्रवाहाच्या वर्गात वाढतो, म्हणजे 144 पट. तो बाहेरचं वाइंडिंग ताणतो आणि आतलं, एलव्हीचं (कमी व्होल्टेजचं, म्हणजे 11 केव्हीचं), कोअरकडे (मधल्या लोखंडी गाभ्याकडे) दाबतो. मी उघडताना पाहिलेल्या एका ट्रान्सफॉर्मरचं आतलं वाइंडिंग पायाखाली चेपलेल्या पत्र्याच्या डब्यासारखं झालं होतं. 'मेगर छान आहे' म्हणून तो आठ महिने चालवला होता. पुढच्या फॉल्टला गेला.

आता तुमचं काम. टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्विच) नॉर्मलवर ठेवा. 11 केव्हीचे तिन्ही बुशिंग (टाकीबाहेर आलेली टर्मिनलं) जाड तांब्याने, नट नीट आवळून शॉर्ट करा. 33 केव्हीच्या बाजूला 415 व्होल्ट थ्री-फेज द्या. 8.35 टक्क्यांना तिथे साधारण 26 अँपिअर यायला हवेत, आणि शॉर्ट केलेल्या बाजूला 79, म्हणून बारीक वायर चालणार नाही. व्होल्टेज आणि प्रवाह एकाच वेळी वाचा. कारखान्याच्या सप्लायवर 415 कधीच 415 नसतात. निघालेला इंपीडन्स जुन्या टेस्ट सर्टिफिकेटशी ताडा. आतलं वाइंडिंग दबलं की दोन्ही वाइंडिंगमधली फट वाढते आणि इंपीडन्सही वाढतो. आयईसी 60076-5 हे आंतरराष्ट्रीय मानक तुमच्या आकाराला प्रयोगशाळेतल्या शॉर्टसर्किट चाचणीनंतरही साधारणपणे 2 टक्क्यांहून जास्त फरक चालवून घेत नाही. तुमचा फरक त्याच्या वर गेला, तर एसएफआरए होईपर्यंत ब्रेकरला हात लावू नका, कोणीही फोन केला तरी.

एसएफआरए म्हणजे वाइंडिंगच्या एका टोकाला 20 हर्ट्‌झपासून 2 मेगाहर्ट्‌झपर्यंत बारीक सिग्नल द्यायचा आणि दुसऱ्या टोकाला किती पोचतो ते आलेखावर पाहायचं. आकार बदलला की आलेखाची शिखरं-दऱ्या सरकतात. जुना आलेख नसेल तर फेज एकमेकांशी ताडतात. मात्र कमी फ्रिक्वेन्सीला मधल्या फेजचा आलेख निरोगी ट्रान्सफॉर्मरमध्येही वेगळाच दिसतो, तेवढ्यावरून घाबरू नका.

दोन गोष्टी टेस्टिंगवाल्यांना आधीच सांगा. वाइंडिंग रेझिस्टन्स डीसीवर मोजतात, त्याने कोअरमध्ये चुंबकत्व उरतं आणि आलेखाची सुरुवात बिघडते. म्हणून एसएफआरए आधी, रेझिस्टन्स नंतर. दुसरं म्हणजे आर्थिंगची पट्टी. एकदा वरच्या फ्रिक्वेन्सीला बी फेज सारखा सरकत होता. आम्ही अर्धा दिवस वाइंडिंगवर वाद घातला, टाकी उघडायची भाषाही झाली. शेवटी हेल्परने फ्लँजवर चाकू फिरवला. आर्थिंगच्या पट्टीची क्लिप रंगावरच लावली होती! खालचं लोखंड चमकलं तशी रेषा जागेवर आली.

एसएफआरए झाल्यावर नुसता छापील आलेख घेऊन गप्प बसू नका. टॅप, बुशिंगची जोडणी, तेल भरलेलं होतं का, हे लिहून मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. पुढचा जॉइंट फुटेल तेव्हा नवा आलेख त्यावर टाकून पाहायला तीच लागेल.