ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

मावशी, मी बार्शीची. यंदा बी.कॉम. झाले, ६८ टक्के. पुण्याच्या गोखले संस्थेत एम.एस्सी. अर्थशास्त्राच्या यादीत नाव लागलंय. पप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे. सोयाबीनचा भाव पडला की आमची उधारी दिवाळीनंतरही वसूल होत नाही. हे असं का होतं ते शिकावं, असं मला फार वाटतं. पण पप्पा म्हणतात, अर्थशास्त्रानं कुणाचं पोट भरलंय, त्यापेक्षा घरी राहून सीए कर. त्यांनी मला आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही, म्हणून त्यांचं मन मोडवत नाही. शिवाय माझं गणित बारावीनंतर सुटलंय. या विषयाला खरंच स्कोप आहे का? घाईत लिहितेय. दुकानाचं टॅली, म्हणजे संगणकावरचा हिशेब, अकरावीपासून मीच बघते, परवाच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं विवरणपत्र, भरायचंय आणि ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो.
– एक वाचक

अगं, शेवटी जे दोन ओळींत उरकलंस ना, मला त्यावरच बोलायचंय. दुकान पप्पांचं, परवाना पप्पांच्या नावावर, जीएसटी नंबर पप्पांचा, आणि ओटीपी तुझ्या मोबाइलवर!

बियाणं करमुक्त, खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८ टक्के. एकाच शेतकऱ्याच्या एकाच बिलात तीन तऱ्हा. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१. १४ तारखेला २बी, म्हणजे डीलरांनी चढवलेल्या बिलांची यादी, आलं की कुठल्या डीलरनं आपलं बिल चढवलंच नाही ते शोधायचं, त्याला फोन करून भांडायचं. २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र. हे सगळं तू कॉलेज सांभाळून पाच वर्षं केलंस. गावातल्या एखाद्या कर सल्लागाराला विचार, महिन्याचं काय घेता? त्या आकड्याला साठनं गुण. उत्तर मला कळवू नकोस, तुझ्याजवळच ठेव. तुला त्या बदल्यात काय मिळालं? ‘पप्पांनी कशालाच नाही म्हटलं नाही’ हे मिळालं.

सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात तुझ्यासारख्यांसाठी वेगळा रकाना आहे, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांचा. गंमत म्हणजे त्यांची मोजदाद ‘स्वयंरोजगार’ या सदरात होते. पुण्याला गेलीस की हे तक्ते तुझ्यासमोर येतीलच, तेव्हा मास्तरांना विचार, यात ‘स्वयं’ कोण आणि रोजगार कुणाचा.

आता ते ‘घरी राहून सीए’. ५५ टक्क्यांच्या वरचं बी.कॉम. असेल तर थेट इंटरमिजिएटला, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेला, बसता येतं, हे खरं. पण पुढे दोन वर्षांची आर्टिकलशिप असते. ती प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली करावी लागते, ऑडिटला गावोगाव हिंडावं लागतं. पप्पांच्या गल्ल्याशेजारी बसून ती होत नाही. त्यांनी याची चौकशी केलेली दिसत नाही, कारण त्यांना त्यातलं ‘घरी राहून’ तेवढंच हवं होतं. सीए होण्याची तुझीच हौस असती तर मी चार शब्द कौतुकाचे लिहिले असते. तुझ्या पत्रात ती मला कुठे सापडली नाही.

पप्पा वाईट नाहीत, हे मला समजावू नकोस. विश्वासाचं, बिनपगारी, कधी रजा न मागणारं माणूस हातचं जाणार म्हटल्यावर कुठल्याही दुकानदाराच्या पोटात गोळा येईल. तो गोळा त्यांचा आहे. त्यासाठी तू एम.एस्सी. सोडायची नाही.

स्कोपचं विचारलंस. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, नुसतं बी.कॉम. तिथे चालत नाही. रिझर्व्ह बँक आपल्या आर्थिक आणि धोरण संशोधन विभागासाठी अधिकारी वेगळे घेते, तेही एम.ए.-एम.एस्सी. झालेले. पण मला विचारशील तर तुझं खरं भांडवल ती उधारीची वही आहे. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि काढणीच्या वेळी बाजारात भाव त्याच्या खाली राहिले. मधला फरक शेतकऱ्याच्या खिशातून गेला आणि तुझ्या वहीत ‘बाकी’ म्हणून येऊन बसला. हे काउंटरवर उभं राहून पाहिलेली मुलगी त्या वर्गाला हवीच आहे.

गणिताची भीती मात्र खरी. कलन (कॅल्क्युलस), मॅट्रिक्स, संभाव्यता यांच्याशिवाय तिथे पान हलत नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं काढ आणि रोज दोन तास बस. वेळ कुठून आणू म्हणशील, तर तो कुठे जातोय ते वर लिहिलंय.

आता मी सांगते तसं कर. पप्पांना शेजारी बसव, जीएसटी पोर्टल उघड, नोंदणीच्या नॉन-कोअर, म्हणजे किरकोळ बदलांच्या, दुरुस्तीत जा आणि तुझा मोबाइल नंबर काढून त्यांचा टाक. ई-मेल तुझा असेल तर तोही बदल. याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. लपूनछपून करायचं नाही, रुसून तर नाहीच. या महिन्याची दोन्ही रिटर्नं वेळेवर भर. ३बी चुकवलंस तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागेल आणि खापर तुझ्या डोक्यावर फुटेल. पुढच्या महिन्यापासून ओटीपी त्यांच्या खिशात वाजू दे. एम.एस्सी.चा विषय त्या दिवशी काढूसुद्धा नकोस.

पप्पा विचारतील, मग आता हे कोण बघणार? त्या सल्लागाराची फी तू विचारून ठेवलेली असेलच, ती सांग. ‘पुण्याहून ऑनलाइन करत जाईन’ एवढं मात्र बोलू नकोस. ते लगेच हो म्हणतील आणि तू तिथल्या वाचनालयात बसून खताची बिलं चढवत राहशील.

आणि हो, प्रवेशाची फी भरायची शेवटची तारीख तू पत्रात लिहिलेली नाहीस. जीएसटीआर-१ ची तुला पाठ आहे. ही आज बघ.