आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन सिंधुदुर्गात चार दिवस: काय काय बघता येईल?

सत्तरीचे आई-बाबा आणि सहा-आठ वर्षांची मुलं बरोबर आहेत म्हणताय, तर मुक्काम मालवणलाच ठेवा. रोज बॅगा भरायला लावू नका.

सिंधुदुर्ग किल्ला सकाळीच उरका, दुपारी ऊन फार लागतं. जेटीवरून होडी मिळते, पावसाळ्यात मात्र बंद असते. १६६४ मध्ये कुरटे बेटावर याचं बांधकाम सुरू झालं. महाद्वार असं वळवून बांधलंय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. मुलांना होडीतूनच ते शोधायला सांगा. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत. चहूबाजूंना समुद्र आणि पाणी गोडं! होडीत चढता-उतरताना आजोबांना हात द्या. गुडघे फारच दुखत असतील तर त्यांच्यासाठी संध्याकाळचं मालवणातलं रॉक गार्डन बरं.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण कुडाळजवळचं पिंगुळी. ठाकर समाजातल्या कलाकारांची चित्रकथी (चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट), कळसूत्री बाहुल्या, पडद्यामागून नाचणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या तिथे बघायला मिळतात. आधी फोन करून खेळाची वेळ नक्की करा, नुसत्या ठेवलेल्या बाहुल्या बघून परतू नका. आमची मुलगी बाहुलीचे दोरे बोटांत धरून बसली, सोडायलाच तयार नव्हती.

सावंतवाडीत राजवाड्यातले गंजिफा या जुन्या खेळाचे गोल पत्ते आणि बाजारातली लाकडी फळं बघा. मोती तलावाकाठी आजी-आजोबांना निवांत बसता येतं.

तारकर्लीचा समुद्रकिनारा संध्याकाळी. पोरांना पाण्यात एकटं सोडू नका.