पहिल्याच वर्षी वानरांशी पंगा नको
अरे घाई नको करूस, टोमॅटो काकडीच्या बियांची पाकिटं बघून हात शिवशिवतात माहितीय, पण आमच्या कोकणात परसात काय टिकणार ते वानरं ठरवतात. मी बाबांचा जुना शर्ट घालून बुजगावणं उभं केलेलं, चौथ्या दिवशी एक हुप्प्या त्याच्याच खांद्यावर बसून माझी वांगी खात होता, खात कसला, एक चावा नि फेक. त्यापेक्षा जूनमध्ये हळद, आलं लाव, त्याला सहसा तोंड लावत नाहीत, फक्त हळदीला 8-9 महिने धीर धरावा लागतो. मेथी-माठ हवाच तर दाराजवळ दोन वाफे कर, वर जाळी घट्ट ताणून, सैल सोडलीस तर साप अडकतात. आणि आजीला सांग, वानरांना केळी टाकणं बंद!