मेंदूतल्या प्रतिकारपेशी न्यूरॉनशी कशा ‘बोलतात’?

रासायनिक निरोपांतून आणि थेट स्पर्शातून. या पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. न्यूरॉनला, म्हणजे चेतापेशीला, इजा झाली की त्यातून एटीपी हे पेशीचं ऊर्जाद्रव्य बाहेर सांडतं. मायक्रोग्लियावरचा पी२वाय१२ हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे रासायनिक निरोप पकडणारं प्रथिन) ते टिपतो आणि तिच्या बारीक फांद्या काही मिनिटांत तिकडे वळतात. सगळं ठीक असेल तर न्यूरॉनकडचं फ्रॅक्टलकाइन हे प्रथिन तिला शांत ठेवतं. एरवीही ती स्वस्थ बसत नाही: २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत या फांद्या सतत चाचपत फिरताना दिसल्या. म्हापशात बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी पोदेराचं उदाहरण देतो, सकाळी पों-पों करत दारोदार फिरणारा पाववाला. (फरक एवढाच की मायक्रोग्लिया सहसा जागची हलत नाही, हातच फिरवते.) मात्र यातलं बरंचसं उंदरांवरून कळलेलं आहे, माणसात सगळं हुबेहूब तसंच असेल असं धरू नका.