गणपती-दिवाळीच्या जुन्या रेकॉर्ड डिजिटल करून इतरांना देता येतील का?

घरातील जुन्या आरत्यांच्या आणि भावगीतांच्या रेकॉर्ड डिजिटल करून नातेवाइकांना व इतरांना द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. डिजिटल अवश्य कराव्यात. वाटण्यापूर्वी मात्र कायदा पाहावा.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या बहुधा लाखेच्या असतात आणि त्यांच्या खाचा रुंद असल्यामुळे त्यांना सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची (नंतरच्या, सावकाश फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डची) बारीक सुई त्यांवर लावली, तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून अशा तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. ध्वनिमुद्रण २४ बिटच्या वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणाऱ्या) फाइलमध्ये करून मूळ प्रत तशीच ठेवावी, कारण खरखर काढणारे सॉफ्टवेअर सढळ हाताने वापरले की आरतीतील झांजांचा झणत्कारही बोथट होतो. लेबलचे आणि त्यावरील क्रमांकाचे छायाचित्र सोबत जोडावे.

भारतात ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतात, म्हणजे १९६० सालच्या रेकॉर्डचे हक्क २०२० अखेर संपले. परंतु कवी आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे राहतात. त्यामुळे पारंपरिक चालीवरील जुन्या संतरचनेची रेकॉर्ड खुली (हक्कमुक्त) असू शकते, तर त्याच वर्षी रेकॉर्ड झालेले भावगीत खुले नसेल. हक्क शिल्लक असलेली गाणी, माझ्या मते, घरापुरतीच ठेवावीत.