कोल्हापूरला राजा होता, प्रजा होती, मग तो देश का नव्हता?

सातवीतल्या मुलाने विचारलेला हा प्रश्न फार चांगला आहे.

देश ठरायला चार गोष्टी लागतात, असं १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात म्हटलंय: कायम राहणारे लोक, ठरलेला भूभाग, सरकार आणि दुसऱ्या देशांशी स्वतः व्यवहार करण्याची मोकळीक. कोल्हापूरकडे चौथी नव्हती. परदेशांशी व्यवहार इंग्रजांच्या हातात होता. म्हणून ते संस्थान.

पण सरकार कशासाठी असतं, हे समजायला मला याहून चांगलं उदाहरण दिसत नाही. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. पुढे प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. राधानगरीला भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. ते त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही, स्वातंत्र्यानंतर झालं. राजा गेला, राज्य बदललं, तरी काम चालू राहिलं, हे मुलांना जरूर सांगा.

१ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आता कोल्हापुरातला कचरा महापालिका उचलते, पोलीस राज्य सरकारचे, सैन्य आणि परराष्ट्र व्यवहार दिल्लीकडे.