राक्षसाची जन्मकथा सांगितली की त्याची भीती जाते का?

सिनेमातला राक्षस कुठून आला हे सांगून टाकलं की त्याचं गूढ संपतं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्यापुरतं ते एकदा संपलं, आणि तेही मूळ दिग्दर्शकाच्याच हातून.

'एलियन'मध्ये (१९७९) तिघं जण एका परक्या यानात शिरतात. आत एक अवाढव्य आकृती खुर्चीत बसलेली. मेलेली, दगड झालेली. शरीर कुठे संपतं आणि खुर्ची कुठे सुरू होते ते कळत नाही. बरगड्या आतून बाहेर फुटलेल्या. ती आणखी प्रचंड वाटावी म्हणून दिग्दर्शक रिडली स्कॉटने काही शॉट्समध्ये चक्क लहान मुलांना अंतराळवीरांचे कपडे घालून उभं केलं होतं. हा कोण, कुठे निघाला होता, कोणी काही सांगत नाही. सिनेमा पुढे जातो. मी मात्र कित्येक वर्षं त्या खुर्चीपाशीच घुटमळत होतो.

मग २०१२ साली स्कॉटनेच 'एलियन'च्या आधीची गोष्ट सांगणारा 'प्रोमिथियस' काढला. कळलं काय, तर खुर्चीतल्या त्या आकृतीची सोंड वगैरे सगळा नुसता पोशाख. आत पांढराफटक, धिप्पाड, टकला माणूस. टकला! २०१७च्या 'एलियन: कव्हनंट'मध्ये तर डेव्हिड नावाचा यंत्रमानव 'एलियन'मधल्या त्या राक्षसी प्राण्याचीच पैदास करताना दिसतो. म्हणजे माणसाने यंत्र बनवलं, यंत्राने राक्षस. सगळं घरातल्या घरातच. मायकल फासबेंडरने डेव्हिड झकास केलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता जुना सिनेमा लावला की त्या खुर्चीत मला टकलाच दिसतो, त्याला काय करू?

तरी 'उगम सांगूच नये' असं मी म्हणणार नाही. 'तुंबाड' (२०१८) बघा. हस्तरची कथा सुरुवातीलाच सांगून टाकलीय: देवीचा पहिला मुलगा, सोनं लुटलं, धान्यावर हात टाकायला गेला तसे बाकीचे देव तुटून पडले. आईने वाचवलं, पण भूक राहिली ती राहिलीच. त्यामुळे सिनेमाचा नायक विनायक हस्तरचं सोनं काढायला कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो तेव्हा वरून काय झेपावणार आणि कशासाठी, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर त्याच्याभोवतीची ती पिठाची रेघ बघताना पोटात गोळा येतो. त्या कथेतून हस्तरला काय हवंय ते कळतं. डेव्हिडच्या भानगडीतून कळतं ते फक्त कोणी बनवलं एवढंच, आणि ते कळून मला अंधारात जास्त भीती वाटायचं काही कारण नव्हतं.

आपल्या मुंज्याचंच घ्या ना. मुंज झालेला, सोडमुंजीआधीच गेलेला मुलगा, ही कुळकथा पोरासोरांनाही पाठ असते. माझ्या आजोळी पाणंदीच्या तोंडाशी एक पिंपळ होता. आजीने सगळी कथा नीट समजावून सांगितली होती. दिवेलागणीनंतर तिथून जायची वेळ आली की मी तरीही चपला हातात घेऊन धूम ठोकायचो.